तक्त्याच्या पाठीवरचा शब्द

"अदमास एकटा घराबाहेर पाठवू नये. त्याच्या बोटाला त्याची चूक धरून पाठवावी, नाहीतर तो रस्त्यातच खोटं बोलायला लागतो."

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकू यायचं की कारखान्यातले लोक त्यांचं खरं नाव विसरून गेले आणि त्यांना अदमासराव म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडायचं. कुणी विचारलं, "सभेला किती माणसं होती हो?" तर ते कधी नुसतं "तीनशे" म्हणत नसत. "तीनशे, वीस इकडे वीस तिकडे," म्हणत. बायकोने विचारलं, संध्याकाळी किती वाजता याल, की उत्तर ठरलेलं: "सव्वासहा, पाच मिनिटं इकडेतिकडे." तीही कमी नव्हती. म्हणायची, "इकडची पाच आणा. तिकडच्या पाचांत चहा गार होतो."

कारखाना दोरांचा होता. गावाच्या टोकाला, लांबच लांब पत्र्याच्या छपराखाली, एका बाजूने तंतू आत जायचे आणि दुसऱ्या बाजूने मनगटाएवढ्या दोरांची वेटोळी बाहेर पडायची. अदमासराव बसायचे ती खोली अगदी शेवटी. खोलीत एक मोठं लोखंडी यंत्र, त्याला दोन पकडी, वर घड्याळासारखी तबकडी. एका खेपेतून पाच वेटोळी निवडायची, प्रत्येकातून मीटरभर तुकडा कापायचा, पकडीत अडकवायचा आणि दांडा फिरवत राहायचं. दोर आधी कण्हायचा, मग एकेक पीळ सुटायचा, आणि मग काडकन आवाज होऊन तबकडीवरचा काटा जागच्या जागी थांबायचा. तिथे दोराचं बळ लिहिलेलं असायचं. खोलीभर बारीक धूळ उडायची आणि ती अदमासरावांच्या भुवयांवर बसायची. तीस वर्षांत त्या भुवया पिकल्या कधी आणि धुळीने पांढऱ्या झाल्या कधी, ते त्यांच्या बायकोलाही नीट सांगता आलं नसतं.

तोडलेला दोर विकता येत नाही. म्हणून सगळे दोर तोडून बघता येत नाहीत. पाच तोडायचे आणि उरलेल्या हजारांबद्दल बोलायचं, हाच सगळा धंदा. थोरले मालक हयात होते तेव्हा पाहुण्यांना खोली दाखवताना म्हणायचे, "शितावरून भाताची परीक्षा, पण आमच्याकडे ती गणिताने होते." आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बोट आपटायचे.

तो तक्ता म्हणजे अदमासरावांच्या आयुष्याची कमाई. तरुणपणी ते दोन वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकले होते. वडील अचानक गेले आणि शिक्षण सुटलं. पण एक वही त्यांनी जपून आणली होती. त्या वहीत घंटेच्या आकाराची एक रेष होती. मधे उंच, दोन्हीकडे उतरत उतरत जमिनीला टेकल्यासारखी, पण कधीच न टेकणारी. बहुतेक दोर मधल्या बळाचे, फार दणकट थोडे, फार कच्चे त्याहून थोडे. पाच तुकड्यांची सरासरी घ्यायची, त्यांचा फैलाव काढायचा, आणि त्या रेषेवरून सांगायचं की अमुक वजन टांगलं तर दहा हजारांत किती दोर तुटतील. हे सगळं त्यांनी रकाने आखून, काळ्या शाईने, एका लाकडी तक्त्यावर लिहिलं होतं. दोराला जो पत्र्याचा बिल्ला लावत, त्यावरचा वजनाचा आकडा या तक्त्यातून निघायचा. बिल्ल्याएवढं वजन टांगलं, तर तुटण्याचा संभव दहा हजारांत एक.

तक्त्याच्या खाली त्यांनी चूक, म्हणजे हा आकडा किती इकडेतिकडे सरकू शकतो ते, मात्र लिहिली नव्हती. थोरले मालक म्हणाले होते, "अहो, पाहुणे बघतात. तेवढं राहू द्या." आणि ते राहून गेलं होतं.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना धाकट्या मालकांनी ती खोली रंगवायला काढली. रंगारी आला तो पन्नाशीचा, बारीक अंगाचा, डोक्याला फडकं बांधलेला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून रंगवायचा. तिसरीवर चढायचा नाही. उंच भागासाठी त्याने कुंचल्याला काठी बांधली होती.

"तिसरी पायरी मोडकी आहे का?" अदमासरावांनी गमतीने विचारलं.

"पायरी चांगली आहे, साहेब. मीच मोडका," तो हसून म्हणाला. "एकेकाळी वीस-वीस मजल्यांच्या इमारती बाहेरून रंगवल्यात. चार वर्षांमागे दोर तुटून पाळणा कलला, तेव्हापासून नुसती दारं, फाटकं, दुकानांच्या पाट्या. मी शिडीला हात लावला की लोक खाली गादी शोधायला लागतात."

अदमासरावांच्या हातातला दोराचा तुकडा हातातच राहिला. हा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याबद्दल तीन ओळी लिहिल्या होत्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उंच इमारतीच्या बाहेरून दोन दोरांवर टांगलेली फळी, तिला रंगारी पाळणा म्हणतात. त्या पाळण्यावर हा आणि याचा मेहुणा, बहिणीचा नवरा. एक दोर तुटला, फळी एका बाजूला कलली. हा दुसऱ्या दोराला लोंबकळत राहिला. मेहुणा खालच्या मजल्याच्या सज्जावर आपटला आणि कंबरेतून कायमचा अधू झाला. चौकशी बसली. चौकशीवाल्यांनी कारखान्याला विचारलं आणि कारखान्याने अदमासरावांना. त्यांनी टेबलाशी बसून लिहून दिलं: "बिल्ल्यावरील वजनास हा दोर तुटण्याचा संभव दहा हजारांत एक. दोष दोराचा नसावा. वजन जास्त टांगले असण्याची शक्यता तपासावी." खाली सही. अदमास एकटाच घराबाहेर गेला, त्याची चूक बरोबर नव्हती.

"काय झालं होतं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"माझंच चुकलं असणार," रंगारी भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "चौकशीत निघालं, दोर तुटायचा संभव दहा हजारांत एक. आकडा कशाला खोटं बोलेल? आधी मला वाटायचं, आपण पाळण्यात रंगाचे चारच डबे घेतले होते. पण चार वर्षं विचार करून करून आता मला स्पष्ट आठवतं. पाचवा डबा होता. निळा. माझ्या पायाशी."

त्याने कुंचला रंगात बुडवला आणि डब्याच्या काठावर निथळला.

"मेहुणा बोलतो माझ्याशी. ताई नाही बोलत. म्हणते, फेरा वाचवायला तू डबा चढवलास आणि माझा माणूस मोडलास. चार वर्षं झाली, एका गल्लीचं अंतर आहे, पण दार बंद." मग तो शिडीवरून उतरला. "हा तक्ता काढतो हं, मागची भिंत राहिलीय."

त्याने तक्ता खिळ्यावरून उचलला, उलटा करून टेबलाला टेकवला आणि जरा वाकून बघितलं. पाट्या रंगवणाऱ्या माणसाची नजर अक्षरावर आधी जाते.

"साहेब, पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. 'लांबी'. पुढे प्रश्नचिन्ह. पुसू का ठेवू?"

अदमासरावांनी मान खाली घातली. "ठेवा," एवढंच म्हणाले.

तो शब्द अठरा वर्षांपूर्वीचा होता. एका दुपारी, काम कमी असताना, त्यांच्या मनात आलं होतं: आपण तोडतो तो तुकडा मीटरभर. लोक टांगतात तो दोर साठ मीटर. दोराचं बळ म्हणजे त्याच्या सगळ्यात कच्च्या जागेचं बळ. मीटरभर दोराला कच्चं निघायची एक संधी, तर साठ मीटरला साठ संधी. त्यांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. दहा हजारांत एक नव्हे, दहा हजारांत साठ. आणि तेही रेष खरी धरली तर. पण रेष मधे खरी असते, टोकाला तिचं कुणी पाहिलंय? पाच तुकड्यांवरून दहा हजारांतल्या एकाबद्दल बोलणं म्हणजे अंगणात उभं राहून डोंगरापलीकडचं पीक सांगणं. त्यांनी पेन्सिलीने तक्त्याच्या मागे तो शब्द लिहिला, उद्या नीट करू म्हणून. तेवढ्यात थोरले मालक पाहुण्यांना घेऊन आले. तक्ता परत खिळ्यावर गेला. पाहुण्यांनी वाहवा केली, अदमासरावांनी ती घेतली, आणि तो उद्या काही उगवला नाही. बहुतेक लोक बिल्ल्याच्या निम्मंसुद्धा वजन टांगत नाहीत, म्हणून वर्षांमागून वर्षं काही झालंही नाही. न घडणाऱ्या गोष्टीसारखी झोप आणणारी दुसरी गोष्ट नाही.

चौकशीचा कागद लिहिताना तो शब्द आठवला नव्हता का? आठवला होता. हेच तर दुखणं होतं. त्यांनी मान वळवून तक्त्याकडे पाहिलं होतं. तक्त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं, पाठ भिंतीकडे. त्यांनी सही केली होती.

त्या संध्याकाळी ते घरी पोचले ते सात वाजता. बायकोने चहाचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून टोमणा गिळला. जेवताना तिने विचारलं, "काय झालंय?" त्यांनी सगळं सांगितलं नाही. म्हणाले, "थोरले मालक म्हणायचे ना, शितावरून भाताची परीक्षा. त्यात काही चूक आहे का ग?"

"चूक कसली? पण शितावरून भात शिजला का, तेवढंच कळतं," ती पातेलं पुसत म्हणाली. "भातात खडा आहे का, ते शितावरून नाही कळत. त्यासाठी सगळा तांदूळ निवडावा लागतो. का विचारताय?"

घास तोंडात फिरत राहिला. दोन वर्षं महाविद्यालयात घालवून जे आपण तक्त्यामागे लपवलं, ते ही बाई पातेलं पुसता पुसता सांगून मोकळी झाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिने पातेलं फळीवर पालथं घातलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, अहो? मी कुणाशी बोलायची थांबलेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात गेले नाहीत. पत्ता विचारत विचारत रंगाऱ्याच्या बहिणीच्या दारात गेले. घर एका खोलीचं. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर ती पडद्यांच्या कडा शिवत होती. कोपऱ्यात तिचा नवरा जमिनीवर बसून खुर्चीची बैठक विणत होता, काठी बाजूला. अदमासरावांनी कारखान्याचं नाव सांगताच तिचा पाय थांबला.

"आता काय उरलंय चौकशीचं?" ती म्हणाली.

"चौकशी नाही. सांगायला आलोय. तुमच्या यजमानांचा दोर..." तीस वर्षं माणसांना आकडे सांगितले, पण आकड्याच्या आधी काय बोलायचं असतं ते शिकायचं राहून गेलं होतं. त्यांनी यंत्रावरचं रीळ हातात घेतलं. "हा दोरा आहे. यातला वीतभर घेऊन मी ओढला आणि तुटला नाही..."

"तर काय," ती मधेच म्हणाली. "वीतभर ओढून काय कळणार? लांब पडद्याची कड घ्या, कुठेतरी तुटतोच. जितकी कड लांब, तितकं तुटण्याचं भय जास्त. शिवणाऱ्या पोरीही सांगतील तुम्हाला." मग ती थांबली. रिळाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही दोर वीतभर ओढून बघता?"

"मीटरभर."

"आणि टांगतात साठ मीटर."

"हो."

"हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. नव्हतं म्हटलं असतं तर ते नुसते अडाणी ठरले असते, आणि अडाणी माणसाला लोक माफ करतात. अदमासरावांनी रीळ यंत्रावर परत ठेवलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "अठरा वर्षांपासून. चौकशीचा कागद मीच लिहिला. तो लिहिला तेव्हाही ठाऊक होतं."

कोपऱ्यातून नवरा बोलला, विणकाम न थांबवता. "डबे चारच होते. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. हिला सांगितलं की म्हणायची, तुमचं डोकं आपटलंय. मी म्हणायचो, बाई, कंबर आपटली, डोकं नाही."

ती हसली नाही. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "माझ्या भावाला सांगितलंत हे?"

"नाही. तो आमच्या कारखान्यात रंगकाम करतोय, पण आधी इथे आलो."

"का?"

"तो भला माणूस आहे. म्हणाला असता, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं. आणि मी जाऊ दिलं असतं."

ती उठली. कापडाचे नमुने काढायचा तपकिरी कागद तिने त्यांच्यासमोर पसरला आणि वर कपड्यावर खुणा करायची पेन्सिल ठेवली. "लिहा."

त्यांनी जमिनीवर मांडी घालून लिहिलं. दोराची लांबी धरता संभव दहा हजारांत एक नव्हे, साठ. त्यात माझी चूक अशी की ते तीस असतील किंवा दीडशेही असतील, पाच तुकड्यांवरून मला सांगता येत नाही. वजन जास्त होतं असं म्हणायला मला काही आधार नव्हता. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि मी ती लिहिली नाही. सही करताना त्यांना वाटलं, या सहीला आपली जुनी सही ओळखेल की नाही कोण जाणे.

तिने कागद वाचला, घडी केली, पायात चपला घातल्या. नवऱ्याला म्हणाली, "येतेच." तो म्हणाला, "चार वर्षांनी जातेयस, जरा वेळ लागला तरी चालेल."

रस्त्याने दोघं बोलले नाहीत. ती पुढे आणि अदमासराव चार पावलं मागे, शाळेतून घरी धाडलेल्या पोरासारखे.

रंगारी कारखान्यातल्या त्या खोलीत होता, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर. दारात बहिणीला बघून त्याच्या हातातली काठी भिंतीवर घसरली आणि ओल्या रंगात एक लांब ओरखडा उमटला.

"ताई?"

"खाली उतर. हे वाच."

त्याने हात फडक्याला पुसले आणि पाटीवरची अक्षरं वाचावीत तसं एकेक अक्षर वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्याने अदमासरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तिथे नुसता गोंधळ होता.

"म्हणजे साहेब, तो निळा डबा?"

"डब्याचं मी सांगू शकत नाही," अदमासराव म्हणाले. "मी तिथे नव्हतो. पण डबा नसतानाही दोर तुटू शकत होता, हे मला ठाऊक होतं."

"चारच होते रे," बहीण म्हणाली. "हे रोज सांगत होते. मीच ऐकलं नाही. आकड्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही."

रंगारी शिडीच्या पहिल्या पायरीवर बसला. "पण मला तो दिसतो, ताई. अजून दिसतो," तो म्हणाला. "आता त्या डब्याचं मी काय करू?"

ती त्याच्या शेजारी खालीच जमिनीवर बसली, नव्या लुगड्याला रंग लागतोय याची पर्वा न करता.

अदमासरावांनी टेबलाला टेकवलेला तक्ता उचलून काखेत घेतला. दोघांपैकी कुणीही त्यांना थांबा म्हटलं नाही. थांबावं असं ते कोण होते? धाकट्या मालकांच्या खोलीत जाऊन ते उभ्या उभ्या बोलले. बिल्ले बदलावे लागतील, माल थांबवावा लागेल, चौकशीवाल्यांना आजच जाऊन सांगतो. धाकटे मालक खुर्चीत पुढे झाले. "तीन महिने राहिलेत तुमचे. निरोप समारंभाचं ठरतंय. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?"

"नीटसं नाही," अदमासराव म्हणाले आणि बाहेर पडले.

फाटकावरचा पहारेकरी म्हातारा होता. गेली कित्येक वर्षं तो आपलं घड्याळ अदमासरावांच्या बाहेर पडण्यावरून लावायचा. आज ते सकाळी साडेअकराला बाहेर पडताना दिसले तेव्हा त्याने आधी घड्याळ हलवून कानाला लावलं.

"अदमासराव, इतक्या लवकर? परत किती वाजता?"

त्याने सवयीने उत्तराची वाट पाहिली. आकडा, आणि त्याच्या मागून इकडची पाच, तिकडची पाच.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि उघडंच धरून ठेवलं. अदमासराव रस्त्याला लागले. अंग एका बाजूला कललं होतं, तक्ता जड होता. काळ्या शाईचे रकाने त्यांनी छातीकडे केले होते, म्हणून म्हाताऱ्याला दिसत होती ती तक्त्याची पाठ. तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं, बारीक, पेन्सिलीचं. त्याने डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला. तोवर ते वळणापर्यंत पोचले होते. तिथे त्यांनी तक्ता एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला आणि दिसेनासे झाले. म्हातारा आणखी थोडा वेळ तसाच उभा होता, एका हाताने फाटक धरून.